रोजचे बारा कप

(या सदरात छोट्या दुकानदारांच्या पत्रांना उत्तरं देणाऱ्या काकू जुन्या नाशकात कॉफी भाजून-दळून विकण्याचं दुकान चालवतात.)

काकू, सादर नमस्कार.

माझं वय 31. गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत माझं कॉफीचं छोटं दुकान आहे. सहा टेबलं, एक मशीन, हाताखाली एक मुलगा. अंबडच्या कंपनीतली नोकरी सोडून सुरू केलं. पहिली दोन वर्षं चांगली गेली, दिवसाला साठेक कप जायचे. आता सगळं एकदम अंगावर आलंय. भाजलेली कॉफी 650 रुपये किलोनं मिळायची, ती 1050 झाली. कुंभाच्या कामांत समोरचा रस्ता खणून ठेवलाय, गाडी लावायला जागा नाही. चौकात एका मोठ्या कंपनीचं चकाचक कॉफी शॉप आलंय. माझे कप 38 वर आलेत. म्हणून मॅगी, सँडविच, मोमो सुरू केले, तरी फरक नाही. दिवसभर हातात फोन असतो. कॉफीचे भाव बघतो, रेटिंग बघतो, चौकातल्या ऑफर बघतो. गिऱ्हाईक ऑर्डर सांगतं आणि मला ती पुन्हा विचारावी लागते. रात्री झोप नाही. वडील म्हणतात, बंद कर, नोकरी बघ. बायको म्हणते, अजून सहा महिने बघू. मला दुकान सोडायचं नाही, पण मन एका जागी राहत नाही. अशा वेळी धंद्यावर लक्ष कसं टिकवायचं? खर्चाचा कागद सोबत जोडतोय.

— एक वाचक, गंगापूर रोड

तू काकू म्हणालास म्हणून मीही एकेरीतच लिहिते. कागद जोडलास हे फार बरं केलंस. नुसतं पत्र असतं तर मला धीर देण्यापलीकडे काही करता आलं नसतं. कागदावर आकडे आहेत, म्हणजे कुठून तरी सुरुवात करता येते.

माझा अनुभव असा, की ज्या काळजीला आकडा नसतो ती दिवसभर डोक्यात घुमत राहते. कॉफी महागली, ही काळजी झाली. पण तुझ्या एका कपामागे ती किती रुपयांनी महागली, हे तुझ्या कागदावर कुठेच नाही. ते आधी काढू.

एका कपाला तू 18 ग्रॅम कॉफी वापरतोस. 650 च्या भावानं ती 11 रुपये 70 पैशांना पडायची, 1050 च्या भावानं 18 रुपये 90 पैशांना पडते. फरक सव्वासात रुपयांच्या आत. ज्या गोष्टीनं तुझी झोप उडवली ती कपामागे सात रुपयांची आहे. सात रुपये थोडे नाहीत, पण त्यांच्याशी दोन हात करता येतात. पुढे बघ: दीडशे मिली दूध 64 रुपये लिटरनं 9 रुपये 60 पैसे. कप, झाकण, साखर, टिश्यू मिळून पाच रुपये. झाले साडेतेहतीस. सांडलवंड आणि फुकट गेलेले शॉट (मशीनमधून एका वेळी काढलेला कॉफीचा दाट अर्क) धरून दहा टक्के वर घेतले की 37 रुपये. तू कप 110 ला विकतोस. म्हणजे प्रत्येक कपातून दुकानाच्या खर्चाला 73 रुपये मिळतात.

आता महिन्याचा खर्च. भाडं 28 हजार, मुलाचा पगार 14 हजार, वीज 7 हजार, बँकेचा हप्ता साडेअकरा हजार, किरकोळ साडेतीन हजार. बेरीज 64 हजार. घरी न्यायला तुला किमान 30 हजार लागतात असं लिहिलंयस. एकूण 94 हजार. याला 73 नं भागलं की 1288 कप. महिन्याचे 26 दिवस धरले तर रोजचे 50. तुझे जातात 38.

म्हणजे तू रोज बारा कपांनी मागे आहेस. ज्यानं कॉफी महागली तो ब्राझीलचा दुष्काळ, महापालिकेचे खड्डे, चौकातलं कॉफी शॉप, वडिलांची नाराजी, या सगळ्याची बेरीज आज तुझ्या दुकानात रोजचे बारा कप एवढी आहे. हा आकडा बिलबुकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. इथून पुढे कुठलीही गोष्ट मनात आली की एकच प्रश्न विचारायचा: यानं माझे किती कप वाढतात किंवा वाचतात? ज्याचं उत्तर कपात देता येतं त्या गोष्टीला दुकानाच्या वेळेत जागा द्यायची. बाकीच्यांना नाही.

पहिली गोष्ट भावाची. कप 120 ला कर. घाबरू नकोस. दहा रुपये वाढवलेस की कपामागे 83 सुटतात आणि 94 हजारांसाठी 50 ऐवजी 44 कप पुरतात. भाव वाढला म्हणून रोज एखाददुसरा कप कमी झाला तरी हिशेब तुझ्याच बाजूनं राहतो. मात्र भाववाढ उघडपणे कर. आठ दिवस आधी हातानं लिहिलेली पाटी लाव, 1 तारखेपासून 120, आणि रोजच्या गिऱ्हाइकांना तोंडानं सांग. भाव तोच ठेवून कप लहान करणं किंवा गुपचूप हलक्या बिया मिसळणं हे करू नकोस. रोज पिणाऱ्याच्या जिभेला ते तिसऱ्या दिवशी कळतं. तो तक्रार करत नाही, नुसता यायचा थांबतो, आणि मग तू कारण फोनमध्ये शोधत बसतोस.

दुसरी गोष्ट भाड्याची. रस्ता खणलेला असेपर्यंत महिन्याला चार हजारांची सूट माग. मालकाला भेटायला जाताना गेल्या वर्षीचा आणि यंदाचा गल्ला दोन्ही घेऊन जा. कायमची नाही, रस्ता होईपर्यंतची सूट मागितलीस तर माणूस ऐकून घेतो, कारण भरलेली जागा रिकामी होणं त्यालाही परवडत नाही. चार हजार म्हणजे रोजचे दोन कप. नाही म्हणाला तर दोन कप विकून काढायचे, पण विचारायचं नक्की.

बँकेच्या हप्त्याबद्दल तू पत्रात एक ओळही लिहिलेली नाहीस आणि मला तीच गोष्ट सगळ्यात तातडीची वाटते. हप्ता चुकायच्या आधी शाखेत जा. थकबाकी 90 दिवसांच्या वर गेली की कर्ज बुडीत खात्याकडे वळतं. त्याच्या आधी गेलेल्या माणसाशी बोलायला, मुदत वाढवून हप्ता कमी करायला बँकेकडे वाव असतो, नंतर तो कमी होत जातो. आणि भाडं भरण्यासाठी नवं कर्ज काढू नकोस. मुद्रा असो की घरातलं सोनं, कर्ज कमाई वाढवणाऱ्या वस्तूसाठी असावं.

आता मॅगी आणि मोमो. तुझ्या कागदावर मोमोची खरेदी आहे, फ्रीजरचा हप्ता आहे, पण मोमोच्या विक्रीचा वेगळा आकडाच नाही. म्हणजे ते विकले जातात की टाकून द्यावे लागतात, हे तुला ठाऊक नाही. अडचणीत आलेला दुकानदार पाटीवर पदार्थ वाढवत जातो, हे मी आमच्या बाजारात किती वेळा पाहिलंय. वाढवताना वाटतं काहीतरी करतोय. प्रत्यक्षात प्रत्येक नवा पदार्थ लक्षाचा एक तुकडा घेऊन जातो. मोमो वाफेवर ठेवून कोणी चांगला शॉट काढू शकत नाही. कॉफीचा वास मॅगीच्या मसाल्याखाली गेला की तुझ्या दुकानात शिरावं असं वाटायला काय उरलं? महिनाभर दर पदार्थ वेगळा लिही. जो स्वतःचं कच्चं सामान, गॅस आणि मुलाचा वेळ भरून वर काही देत नाही, तो बंद कर. सँडविच राहील असं मला वाटतं. मोमो जातील.

फोनमध्ये तू कॉफीचे भाव बघतोस म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहिते, म्हणजे रोज बघायची गरज उरणार नाही. जगात सर्वांत जास्त कॉफी ब्राझील पिकवतं, दुसरा नंबर व्हिएतनामचा, आणि व्हिएतनामची बहुतेक रोबस्टा जातीची. जुलै 2021 मध्ये ब्राझीलच्या बागांवर दव गोठून झाडं करपली. पुढे व्हिएतनामात आणि मग 2024 साली ब्राझीलमध्ये कोरडं पडलं. माल कमी आणि पिणारे वाढलेले. फेब्रुवारी 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका ही दुसरी जात पौंडाला चार डॉलरच्या वर गेली. 1977 चा जुना विक्रम त्याआधीच, डिसेंबर 2024 मध्ये, मोडला होता. आपली कॉफी कोडगू, चिकमगळूर, हासन, वायनाडची. ती आपल्याकडेच पिकते, तरी तिचा मोठा भाग परदेशी जातो, त्यामुळे तिकडचा भाव इथे लागतोच. नवं झाड लावलं की फळायला तीन-चार वर्षं लागतात, म्हणून असा चढलेला भाव झटपट उतरत नाही. शिवाय कच्ची बी भाजताना शंभर किलोची 80 ते 85 किलोच उरते, त्यामुळे कच्च्या मालातली प्रत्येक वाढ भाजलेल्या मालात थोडी फुगूनच येते. तुझा पुरवठादार तुला लुटत असेलच असं नाही.

एवढं माहीत असलं की पुरे. बाजार रोज वर-खाली होतो, तू कॉफी घेतोस महिन्यातून दोनदा. मग रोजचा भाव बघून करणार काय? खरेदीच्या आदल्या दिवशी पुरवठादाराला फोन कर, भाव विचार, वहीत लिही. महिन्याभराचा भाव बांधून देतो का, तेही विचार. रेटिंग आणि निरोप यांच्यासाठी दुपारची अर्ध्या तासाची वेळ ठेव. बाकी वेळ फोन गल्ल्यात. ऑनलाइन पैसे आल्याचं सांगणारा स्पीकर आहेच, त्यासाठी फोन हातात लागत नाही. चौकातल्या दुकानाच्या ऑफर मुळीच बघू नकोस. त्यांच्या एका जाहिरातीचा खर्च तुझ्या वर्षाच्या भाड्याएवढा असेल. त्यांच्याशी बरोबरी करण्यात तुझा एकही कप वाढत नाही.

माझं दुकान भांडी बाजाराच्या अंगाला आहे, गोदावरीला पाणी आलं की पहिली झळ आम्हाला. ऑगस्ट 2016 च्या पुरात नदीपात्रातला, पुराची खूण समजला जाणारा दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला, सराफ बाजारात आणि आमच्या गल्लीत पाणी शिरलं. अशा वेळी हातात फार वेळ नसतो आणि दुकानात वाचवण्यासारखं पुष्कळ असतं. माझे सासरे सगळ्यांना ओरडून सांगत होते, आधी कच्च्या बियांची पोती वर घ्या. भाजलेला माल खाली राहिला, पुठ्ठ्याची खोकी भिजली, नवा काटा पाण्यात गेला. पोती माळ्यावर गेली, मग दळणाची मोटर खोलून वर नेली, मग उधारीची वही. गाळ उपसून झाल्यावर त्याच पोत्यांतल्या बिया भाजून दुकान उघडलं. ओली झालेली कच्ची बी बुरशी धरते, ती गेली असती तर उघडायला काही नव्हतंच. मोटरीशिवाय दळण बंद, वहीशिवाय येणं बुडालं. हा क्रम सासऱ्यांच्या डोक्यात आधीपासून पक्का होता, म्हणून त्या गडबडीत त्यांना विचार करावा लागला नाही. तुझ्या दुकानातली पोती कुठली, ते तू आत्ता, शांत असताना ठरव. मला विचारशील तर मशीन-ग्राइंडर आणि ती पंचवीस-तीस माणसं जी आठवड्यातून तीनदा तरी येतात. त्यांची नावं तुला येतात का? कोण बिनसाखरेची घेतो, कोण ग्लासात मागतो? नसेल येत तर आजपासून लिहायला लाग.

आता सकाळविषयी, कारण विखुरलेलं मन गोळा करायला मला याहून चांगला उपाय माहीत नाही. दुकान उघडायच्या आधी पाऊण तास तू एकटा मशीनपाशी उभा राहा. मुलाला सोपवू नकोस. बिया ग्राइंडरच्या हॉपरमध्ये (वरच्या भांड्यात) टाक, दळून बघ, काट्यावर 18 ग्रॅम घे, सपाट दाब आणि घड्याळ लावून शॉट सोड. पहिले थेंब यायला काही सेकंद जातात, मग काकवीसारखी दाट, गडद धार लागते, हळूहळू तिचा रंग फिका होत जातो. 25 ते 30 सेकंदांत कपात साधारण 36 ग्रॅम उतरले पाहिजेत. अठराव्या सेकंदालाच कप भरला तर दळण जाड आहे. पिऊन बघ, आंबट आणि पाणचट लागेल. चाळीस सेकंद थेंब थेंब पडत राहिलं तर दळण फार बारीक आहे, घशाशी कडू लागेल. ग्राइंडरचं चाक एक खूण फिरवायचं आणि पुन्हा. पावसाळ्यात हवा दमट असते, पोतं नवं उघडलेलं असतं, कालचं दळण आज तसंच वागत नाही. पहिले एक-दोन शॉट टाकून द्यावे लागतात, ते दहा टक्क्यांत धरलेच आहेत. हे करताना डोक्यात दुसरं काही ठेवताच येत नाही, हात आणि जीभ दोन्ही कामाला लागलेले असतात. आमच्याकडे भट्टीपाशी तेच होतं. बी पिवळी झाली, तडतडायला लागली की चार पावलं लांबही जाता येत नाही, क्षणभर उशीर झाला तर घाणा करपतो. घरात कितीही मोठी अडचण असो, भट्टी पेटली की ती तेवढा वेळ बाजूला ठेवावीच लागते. माझी कितीतरी वाईट वर्षं त्या वेळेनं तारलीत.

आणि हे सकाळी लवकर कर. तू अकराला उघडतोस आणि रात्री अकराला बंद करतोस असं कागदावर लिहिलंयस. दुपारी एक ते चार तुझ्याकडे माशी फिरकत नाही. रस्ता खणलाय तोवर तुझं गिऱ्हाईक म्हणजे पायी येणारं. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर, गोदापार्कला पहाटे किती माणसं चालतात! त्यांतली तुझ्या गल्लीतून परत जाणारी थोडी का असेनात, सात वाजता उघडं दुकान त्यांना दिसू दे. नाशिकची थंडी आहे, सकाळी सातला गरम कपाला कोणी नाही म्हणत नाही. दुपारी तीन तास चक्क बंद ठेव, घरी जाऊन जेव आणि झोप. रात्री नऊला कुलूप. गल्लीतले दवाखाने, सीएंची ऑफिसं, शिकवण्यांचे वर्ग यांच्याकडे स्वतः जा आणि अकरा वाजता थर्मास पोचवायचं विचार. दोन थर्मास रोजचे लागले तरी तुझे उरलेले सहा कप तिथेच निघाले. घरी करायला म्हणून दळलेल्या कॉफीची 200 ग्रॅमची पाकिटंही ठेव. मार्च 2020 मध्ये सगळं बंद झालं तेव्हा आमचं दुकान घरपोच पाकिटांवरच तगलं.

वडिलांशी वाद घालू नकोस. ते आकडा मागतायत, तू त्यांना आशा देतोयस, म्हणून बोलणं पुढे जात नाही. त्यांना आणि बायकोला एकत्र बसवून हा हिशेब दाखव. सहा महिने, रोजची सरासरी 44 कप. सहाव्या महिन्यात ती आली तर दुकान चालू. 40 च्या खालीच राहिली तर दुकान कसं आवरायचं, मशीन आणि ग्राइंडर विकून कर्जातलं किती फिटतं, हे आत्ताच दोन ठिकाणी विचारून वहीत लिहून ठेव. शेवटचं दार कुठे आहे ते माहीत असलं की माणूस रात्री झोपतो. आणि झोपलेला माणूस सकाळी नीट शॉट काढतो.

दर सोमवारी तासभर हिशेबाला बस, बायकोला शेजारी घेऊन. आठवड्याचे कप, खर्च, येणं-देणं. सोमवारची काळजी सोमवारी. मंगळवारी मनात काही आलं तर चिठ्ठीवर लिहून गल्ल्यात टाक, पुढच्या सोमवारी उघड. तीन महिन्यांनी मला आकडे कळव, मी वाट बघते आहे.

*

काकू, मी नाशिकरोडला घरातून फिल्टर कॉफीची पावडर विकते. आतापर्यंत कॉफी 80 आणि चिकोरी 20 असं मिश्रण द्यायचे. भाव एवढे वाढलेत की 60:40 केलं तरच परवडतं. गिऱ्हाइकाला सांगितलं तर ती तुटतील अशी भीती वाटते. काय करू?

— एक वाचक, नाशिकरोड

ताई, सांगावंच लागेल, आणि ते फक्त मनाला पटावं म्हणून नाही. कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात चिकोरी 49 टक्क्यांच्या वर जाऊ नये आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापलेलं असावं, असा अन्नसुरक्षेचा नियमच आहे. 60:40 नियमात बसतं, पण पाकिटावर 80:20 छापून आत 60:40 भरणं बसत नाही.

चिकोरीला कमी लेखायचं कारण नाही. ती एका झाडाची मुळी, आपल्याकडे गुजरातेत जामनगरच्या बाजूला पिकते, भाजून दळली की रंग आणि दाटपणा देते. कित्येक घरांना तीच चव लहानपणापासूनची. तुम्ही दोन पाकिटं ठेवा. 80:20 नव्या भावात आणि 60:40 जवळपास जुन्या भावात. निवड गिऱ्हाइकाची. दोन्ही करून प्यायला द्या, हे महत्त्वाचं. चिकोरी जास्त असली की पाणी जरा हळू उतरतं आणि डिकॉक्शन (फिल्टरमधून उतरलेला दाट अर्क) काळंभोर दिसतं, त्यामुळे काही जण दूध वाढवतात आणि त्यांना तेवढ्याच पावडरीत जास्त कप मिळतात. एकत्र कुटुंबात 60:40 खपेल. ज्यांना कॉफीचा वास हवा ते 80:20 चे जास्त पैसे देतील. तुटणारी थोडी तुटतील, पण राहिलेल्यांपुढे तुम्हाला कसली धास्ती राहणार नाही. रोज पाकीट भरताना हात थरथरत असेल तर धंद्यात मन कसं लागावं?

*

काकू, मी पंचवटीत राहतो. सिंहस्थासाठी रामकुंडाच्या जवळ कॉफीचा गाडा लावावा असा विचार आहे. मित्र म्हणतात, कर्ज काढून मोठा लाव, चार दिवसांत फिटेल. आपलं मत?

— एक वाचक, पंचवटी

गाडा जरूर लावा, चार दिवसांच्या भरवशावर मात्र नको. ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला आहे आणि पहिलं अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027 ला. मधले नऊ महिने लोक हळूहळू येत राहतील: कामगार, साधू, बंदोबस्ताची माणसं, यात्रेकरू. धंदा त्या महिन्यांत बसवायचा असतो. 2015 च्या कुंभात पर्वणीच्या दिवशी आमच्या बाजूला बांबू लागले, गर्दी ठरलेल्या वाटेनं पुढे गेली आणि आमच्या गल्लीत नेहमीचं गिऱ्हाईकसुद्धा पोचू शकलं नाही. कुठला रस्ता उघडा, कुठला बंद, हे आयत्या वेळी ठरतं. मोठ्या कर्जाचा हप्ता त्याच्यावर टांगू नका.

आणखी एक. ते दिवस श्रावण-भाद्रपदाचे, उपासाचे आणि पावसाचे. गाड्याला वरून पक्कं छत हवं, बाजूनं पाणी आत येणार नाही असा पडदा हवा. महापालिकेची परवानगी आणि अन्नसुरक्षेची नोंदणी आत्ताच करा, शेवटच्या महिन्यात खिडकीवर रांग असेल. पर्वणीच्या आदल्या रात्रीपासून वाहनं बंद झाली की दुधाचा टेम्पो तुमच्यापर्यंत येणार नाही, तेव्हा जवळच्या एखाद्या घरात फ्रीजची सोय आजच बोलून ठेवा, आणि बिनदुधाच्या कॉफीचा भाव पाटीवर वेगळा लिहा.